विद्यापीठाची वेबसाइट आणि तांत्रिक मदत: नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

"सर, परीक्षा फॉर्म भरायची शेवटची तारीख काय आहे?" विद्यापीठाच्या वेबसाइट कक्षात रुजू झालात की पहिल्याच दिवशी हा फोन येईल. तारीख वेबसाइटवर असते. पण ती एका परिपत्रकाच्या दुसऱ्या पानावर असते, ते परिपत्रक म्हणजे तिरक्या स्कॅनची बारा एमबीची पीडीएफ असते, आणि विचारणारी मुलगी एसटीत बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या रेंजवर, स्वस्तातल्या फोनवर ती उघडायचा प्रयत्न करत असते. महाराष्ट्रातल्या एका राज्य विद्यापीठात मी बारा वर्षं हे काम करतो आहे. नव्या सहकाऱ्यांना शेजारी बसवून जे सांगतो, तेच इथे लिहितो. त्या एसटीतल्या मुलीला तारीख पहिल्या झटक्यात दिसावी, यासाठीच पुढचं सगळं आहे.

जाहिरात वाचताना

सिस्टीम अ‍ॅनालिस्ट, प्रोग्रामर, वेब डेव्हलपर, तांत्रिक सहायक, संगणक चालक अशी पदांची नावं वेगवेगळी दिसतील. छोट्या विद्यापीठात कामात फारसा फरक नसतो. सकाळी परिपत्रकं चढवायची, दुपारी फोन घ्यायचे, संध्याकाळी अधिसभेच्या सभागृहातला प्रोजेक्टर लावून द्यायचा. ही सगळी शिक्षकेतर पदं आहेत. मंजूर पदं थोडी असतात. बाकी भरती कंत्राटी, बऱ्याचदा ११ महिन्यांची आणि एकत्रित मानधनावर होते.

जाहिरात विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर भरतीच्या पानावर येते. काही ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरूनही त्याची छापील प्रत पोस्टाने पाठवावी लागते, आणि ती मुदतीत पोहोचली नाही तर अर्ज बाद होतो. तेव्हा जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मुलाखतीत निवड झाली तर रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: नेमणुकीचा आदेश विद्यापीठाचा की बाहेरच्या संस्थेचा, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, आणि अनुभवाचा दाखला कोणाच्या सहीने मिळेल. पुढे मंजूर पदाची जाहिरात निघते तेव्हा याच दाखल्यावर सगळं अडतं. विचारायला संकोच करू नका, हा तुमचा हक्क आहे.

मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या जोडीला एक काम करून न्या. कुठल्याही विद्यापीठाचं जुनं स्कॅन केलेलं परिपत्रक घ्या. त्यातला मजकूर युनिकोड मराठीत (म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) टाइप करा, त्याचं साधं वेबपान बनवा आणि मोबाइलवर उघडून दाखवा. भाषा, टंकलेखन आणि तंत्र तिन्ही येतं हे दोन मिनिटांत दिसतं. मी निवड समितीसमोर बसवलेल्या उमेदवारांत असं करून आणणारे फार थोडे पाहिले, आणि ते सगळे लक्षात राहिले.

पहिला आठवडा: किल्ल्या शोधा

काहीही बदलायच्या आधी एक वही करा. तिच्यात लिहा: डोमेन कोणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाचा ईमेल कोणाकडे जातो, सर्व्हर कुठे आहे, प्रशासक म्हणून कोण कोण लॉगिन करू शकतं, बॅकअप कुठे ठेवला जातो आणि तो परत उतरवून शेवटचं कधी पाहिलं. शिक्षणसंस्थांची डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन ही डोमेन अर्नेट इंडिया ही संस्था देते. नूतनीकरणाची सूचना बहुतेकदा अशा अधिकाऱ्याच्या ईमेलवर जाते जे दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले असतात. तो पत्ता बदलून पदाच्या नावाचा ईमेल द्या, व्यक्तीच्या नावाचा देऊ नका.

सुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं त्याची, तारीखही वहीत लिहा. ही प्रमाणपत्रं पूर्वी वर्षभर चालायची. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस आहे आणि २०२९ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने ४७ दिवसांवर येणार आहे. वर्षातून एकदा आठवण ठेवून हाताने बदलण्याचे दिवस संपत आले. नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था आत्ताच मागा, आणि मागणी लेखी करा.

कागद येतो तिथपासून

विद्यापीठ कागदावर चालतं. त्याबद्दल कुरकुर न करता ते शिकून घ्या, कारण तुमचं संरक्षणही कागदच करतो. टिपणी कोण लिहितं, नस्ती कुठून कुठे जाते, जावक क्रमांक कुठे पडतो हे आस्थापनेतल्या एखाद्या जुन्या भाऊसाहेबांजवळ चहा घेत अर्धा तास बसलात तर कळेल. कोणत्या विषयावर कोणाची सही चालते हेही त्यांनाच विचारा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार परीक्षेच्या कागदावर संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांची सही येते. जुनी माणसं त्यांना अजून 'कंट्रोलर साहेब' म्हणतात, तेव्हा गोंधळू नका. प्रशासनाचं परिपत्रक कुलसचिवांचं, फीचं वित्त व लेखा अधिकाऱ्यांचं, अभ्यासक्रमाचं अधिष्ठात्यांच्या मार्फत येणारं.

नियम एकच आणि तो कोणासाठीही मोडू नका: सही आणि जावक क्रमांकाशिवाय काहीही चढवायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येईल, "साहेबांनी सांगितलंय, लगेच टाका" असा फोन येईल. नम्रपणे म्हणायचं, "मॅडम, पान तयार करून ठेवतो. सहीचा कागद ईमेलवर आला की एका मिनिटात चालू करतो." आणि खरंच पान तयार ठेवायचं. म्हणजे तुम्ही अडवताय असं कोणाला वाटत नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली चूक सांगतो. वेळापत्रकात एका पेपरची तारीख बदलली. मी जुनी फाइल काढून त्याच नावाने नवी फाइल ठेवली आणि काम झालं असं समजलो. पण जुनी पीडीएफ तोवर शेकडो ग्रुपवर फिरली होती. तिच्यावर ती जुनी आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि वेबसाइटवर बदलाची वेगळी सूचना नव्हती. एका महाविद्यालयातली काही मुलं जुन्या तारखेवर विसंबून राहिली. एक मुलगा पेपर झाल्यावर आमच्या खिडकीशी आला. त्याच्या हातात माझीच पीडीएफ होती. त्यानंतर मी असं करतो:

फाइल कधीच गुपचूप बदलत नाही. शुद्धिपत्रक वेगळ्या नावाने चढवतो, त्याच्या मथळ्यातच काय बदललं ते लिहितो: 'बी.कॉम. सत्र ४, लेखाकर्म: पेपर १२ ऐवजी १५ एप्रिलला'. जुन्या परिपत्रकाच्या पानावर, लिंकच्या अगदी वर, 'यात बदल झाला आहे' अशी ओळ आणि नव्याची लिंक देतो. आणि परीक्षा विभागाला विनंती करतो की सुधारित वेळापत्रकाच्या प्रत्येक पानावर तारीख आणि 'सुधारित' हा शब्द छापा, कारण पीडीएफ एकदा वेबसाइटबाहेर गेली की तिच्या बाजूने बोलणारं दुसरं कोणी नसतं.

फाइलचं नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता आणि तारखेसह ठेवा. मराठीत नाव दिलं तर लिंक पाठवताना तिची टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली दोन-तीन ओळींची साखळी होते आणि लोक तिला व्हायरस समजतात. स्कॅन करायचंच असेल तर रंगीत नको, करड्या छटेत २०० डीपीआय पुरे. त्याहून चांगलं म्हणजे विभागाकडून मूळ वर्ड फाइलच मागायची आणि तिची पीडीएफ करायची. महत्त्वाचं वाक्य, तारीख आणि फीची रक्कम मात्र पीडीएफमध्ये कोंडून ठेवू नका. ती वेबपानावरच दोन ओळींत लिहा. एसटीतल्या मुलीला पीडीएफ उघडावीच लागू नये.

मराठी मजकूर

हा भाग कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विद्यापीठातल्या अनेक टेबलांवर अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फाँट आहेत. त्यात टाइप केलेलं डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. ते वेबपानावर चिकटवलं तर कचरा दिसतो. पीडीएफ करून चढवलं तर दिसतं नीट, पण गुगलला त्यातला एक शब्दही कळत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर त्यातून निरर्थक आवाज काढतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार त्या विद्यार्थ्यालाही ही माहिती मिळण्याचा हक्क आहे. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात, ती वापरा, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार भलत्या अक्षरावर जातो, अर्धी अक्षरं तुटतात, आकडे बदलतात. रूपांतर झाल्यावर आधी तारखा, रकमा आणि नावं मूळ कागदाशी ताडून पाहा, मग बाकीचं.

आता युनिकोडमधलाच एक सापळा. 'शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी' या शब्दांतला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. वेबसाइटच्या शोधखिडकीत एका प्रकारे टाइप केलं तर दुसऱ्या प्रकारातली परिपत्रकं सापडत नाहीत. आमच्याकडे एक परिपत्रक 'वेबसाइटवर नाही' म्हणून तक्रार आली होती. ते तीन महिन्यांपासून तिथेच होतं. तेव्हापासून मजकूर चढवण्याआधी आम्ही एकच प्रकार ठरवून शोधा-आणि-बदला चालवतो.

पानाच्या कोडमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवा. पुष्कळ तयार साच्यांत ती इंग्रजी असते. भाषा नोंदवली की स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडू शकतो आणि काही फाँटमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे उमटतात. छोटी गोष्ट आहे, पण आपलं पान आपल्यासारखं दिसावं असं मला मनापासून वाटतं.

नावांबाबत विशेष सांभाळा. रोमन लिपीतल्या यादीवरून देवनागरी नावं आपोआप तयार केली तर काळे आणि काले यांतला फरक यंत्राला कळत नाही, कारण रोमन स्पेलिंग दोघांचंही एकच. हीच यादी पुढे पदवी प्रमाणपत्रावर जाते. नावाची देवनागरी नोंद विद्यार्थ्याने स्वतः करावी, स्वतः तपासून मान्य करावी, अशी सोय फॉर्ममध्ये असायलाच हवी. ती नसेल तर परीक्षा विभागाच्या मागे लागून करून घ्या.

लिंक मोडू नका

दर काही वर्षांनी वेबसाइटचं रूप बदलतं. नवा ठेकेदार येतो, नवा साचा येतो आणि सगळे जुने पत्ते एका रात्रीत मरतात. नॅक, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद, तिच्यासाठीच्या स्वयंमूल्यांकन अहवालात आणि दरवर्षीच्या वार्षिक गुणवत्ता अहवालात पुरावा म्हणून शेकडो लिंका दिलेल्या असतात. तपासणारा माणूस त्या उघडून बघतो. लिंक उघडली नाही तर प्राध्यापकांनी वर्षभर केलेलं काम त्याच्या दृष्टीने झालेलंच नसतं. म्हणून निविदेच्या अटींतच लिहून घ्या की प्रत्येक जुना पत्ता नव्या पत्त्याकडे वळवून दिला जाईल. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडून लिंकांची यादी घ्या आणि बदलाच्या दुसऱ्या दिवशी ती सगळी तपासा. जुनी फाइल निरुपयोगी वाटली तरी पुसू नका, संग्रहात हलवा.

कायद्याने ठेवावीच लागणारी पानंही या धांदलीत गळतात. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४(१)(ख) खालच्या १७ बाबी, जनमाहिती अधिकाऱ्यांची नावं, रॅगिंगविरोधी समिती आणि हेल्पलाइन क्रमांक, विद्यार्थी तक्रार निवारणासाठीचे लोकपाल. दर सहा महिन्यांनी ती उघडून पाहा. बदली झालेल्या अधिकाऱ्याचं नाव तसंच राहिलं तर एखाद्याचा अर्ज भलत्याच टेबलावर पडून राहतो.

फोन वाजतो तेव्हा

तांत्रिक मदतीचा अर्धा भाग ऐकण्याचा आहे. फोन करणारा घाबरलेला असतो. "वेबसाइट चालत नाही" याचा अर्थ इंटरनेट नाही, पासवर्ड विसरला, चुकीचं पान उघडलं किंवा खरंच सर्व्हर बंद आहे, यांतलं काहीही असू शकतं. एकामागून एक विचारा: कोणतं पान उघडलंय, पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाचून दाखव, मोबाइल की संगणक, कधीपासून? मग स्क्रीनशॉट मागा. पासवर्ड किंवा ओटीपी कधीही विचारू नका. त्याने आपणहून सांगायला सुरुवात केली तर थांबवा आणि सांगा की हे विद्यापीठातल्या कोणालाही द्यायचं नसतं.

सर्वांत जास्त जीव घाबरा होतो तो पैशांचा. "दादा, खात्यातून फी कापली पण पावती आली नाही, आज शेवटचा दिवस आहे." अशा वेळी "पुन्हा भर" असं चटकन म्हणू नका. त्या घरात दुसऱ्यांदा भरायला पैसे नसतीलही. बँकेचा व्यवहार क्रमांक, तारीख, रक्कम आणि पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) घ्या. पेमेंट गेटवेच्या खात्यात तो व्यवहार यशस्वी, अयशस्वी की प्रलंबित दिसतो ते पाहा किंवा लेखा विभागाकडून खातरजमा करा. पैसे आलेले असतील तर पावती तयार करून द्या. प्रलंबित असेल तर मुदतीच्या आत त्याची तक्रार नोंदली गेल्याचा ईमेल द्या. मुदत उलटल्यावर विलंब शुल्क माफ करून घ्यायला तोच त्याचा आधार असतो.

प्रत्येक फोन नोंदवा. साधी एक्सेलची यादी चालेल: वेळ, प्रश्न, काय केलं. महिन्याअखेरीस यादी चाळलीत की दिसेल, निम्मे प्रश्न चार-पाच पानांमुळेच येतात. ती पानं दुरुस्त करा. आमच्याकडे 'स्थलांतर प्रमाणपत्र' पानावर लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि फी वरच्या ओळीत आणली, आणि त्याबद्दलचे फोन जवळजवळ थांबले.

कर्मचारी आणि प्राध्यापकांनाही मदत लागते. चाळीस वर्षं शिकवलेल्या मॅडमना ईमेलला फाइल जोडता येत नसेल तर त्यांच्या हातून माऊस घेऊ नका. शेजारी उभं राहून त्यांच्याकडूनच करून घ्या, मोठ्या अक्षरांत कागदावर पायऱ्या लिहून द्या. पुढच्या वेळी त्या फोन करत नाहीत, उलट शेजारच्या टेबलाला शिकवतात.

निकालाचा दिवस

निकाल लागणार म्हटलं की हजारो जण एकाच मिनिटाला येतात. आदल्या दिवशी मुखपृष्ठावरचा फिरता फोटोपट, व्हिडिओ, बातम्यांची पट्टी काढून टाका. एक हलकं पान ठेवा: निकालाची लिंक, गुणपडताळणीची मुदत, मदतीचा क्रमांक. निकालाची प्रणाली वेबसाइटच्या सर्व्हरवर असेल तर ती वेगळी करायला सांगा, म्हणजे एक बसली तरी दुसरी उभी राहते. आणि काही बिघडलं तर लपवू नका. 'दुपारी २ वाजेपर्यंत दुरुस्ती चालू आहे, ३ वाजता पुन्हा कळवू' असं लिहा, आणि ३ वाजता खरंच कळवा.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायची पद्धत घाईने आणली. निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. तंत्र आणण्याचा निर्णय तुमच्या हातात नसेल. पण चाचणी न झालेली प्रणाली हजारो मुलांसमोर ठेवली जात असेल तर तुम्ही तसं टिपणीवर लिहू शकता, आणि लिहायला हवं.

सुरक्षिततेचं थोडक्यात

शैक्षणिक वेबसाइटवर जुगाराच्या जाहिरातींची पानं गुपचूप पेरली जातात, कारण सर्च इंजिन अशा डोमेनवर विश्वास ठेवतात. मुखपृष्ठ ठीक दिसतं, म्हणून कोणाला कळतही नाही. महिन्यातून एकदा गुगलमध्ये आपल्या डोमेनपुरता शोध मर्यादित करून 'कॅसिनो', 'बेट', 'स्लॉट' हे शब्द रोमन लिपीत शोधून पाहा. पाच वर्षांपूर्वीच्या परिषदेची विसरलेली उपवेबसाइट ही घुसायची आवडती वाट आहे, ती बंद करा. घुसखोरी सापडली तर आधी नोंदी जपून ठेवा आणि वरिष्ठांना तत्काळ लेखी कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या असतात. हे निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत.

पहिल्या महिन्याच्या शेवटी

प्रथम वर्षाची दोन-तीन मुलं कक्षात बोलवा. त्यांच्याच फोनवर, वाय-फाय न देता, पाच गोष्टी शोधायला सांगा: परीक्षा फॉर्मची तारीख, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका, शिष्यवृत्तीची सूचना, स्थलांतर प्रमाणपत्राची फी, तक्रार कुठे करायची. तुम्ही मध्ये बोलू नका. फक्त ते काय टाइप करतात, कुठे अडतात आणि कुठे सोडून देतात ते लिहून घ्या. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा तिघांपैकी एकानेही आमचा मेनू उघडला नाही. तिघांनी थेट गुगलमध्ये विद्यापीठाचं नाव आणि 'एक्झाम फॉर्म लास्ट डेट' टाइप केलं, आणि एकजण भलत्याच खासगी वेबसाइटवर गेला. मी त्या संध्याकाळी परीक्षेच्या सगळ्या सूचनांचे मथळे बसून पुन्हा लिहिले. 'परिपत्रक क्र. ४७' च्या जागी मुलं शोधतात ते शब्द घातले.